आईचं माहेरचं आडनाव

क्रेडिट कार्ड कंपनीचं माझ्याविषयी एक ठाम मत आहे. ही बाई महिन्याचं वाणसामान भरते, गॅस आणि विजेची बिलं देते, दिवाळीला मिठाई घेते, वर्षातून एखाद्या देवस्थानाच्या भक्तनिवासाचे पैसे भरते. यापलीकडे हिची मजल नाही. त्यामुळे येवल्याच्या दुकानात मी बांगडी मोराच्या पदराची पैठणी निवडली आणि पिन बरोबर दाबला, तरी कंपनीच्या संगणकाला ते पटलं नाही. रक्कम किती, गाव कुठलं, वेळ काय, ही व्यक्ती एरवी असं करते का, हे सगळं तो बघत असतो म्हणे. त्याने क्षणात निकाल दिला, हे हिचं काम नव्हे, कार्ड चोरीला गेलंय. माझ्याबद्दल आमच्या घरचंही साधारण हेच मत आहे, पण घरचे तोंडाने बोलून थांबतात. संगणकाने कार्डच बंद केलं.

दुकानदार सज्जन होता. ‘होतं ताई, नेटवर्कचा प्रॉब्लेम असतो,’ म्हणाला. म्हणता म्हणता गादीवर पसरलेला पदर त्याने अलगद गोळा केला, घडी घातली आणि साडी माझ्या हाताच्या टप्प्याबाहेर सरकवली.

मग कस्टमर केअर. आधी यंत्राशी बोलायचं. मराठीसाठी हे दाबा, कार्ड हरवलं असेल तर ते दाबा, आता सोळा आकडी नंबर टाका आणि शेवटी हॅश. बराच वेळ सतार वाजते, मग माणूस येतो आणि पहिलं वाक्य बोलतो, ‘मॅडम, कार्डचा नंबर सांगता का?’ आत्ता दाबलेले सोळा आकडे कुठे जाऊन पडतात, कुणास ठाऊक.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, म्हणून या सोळा आकड्यांबद्दल मला आदर आहे. त्यातला शेवटचा आकडा बाकीच्या पंधरांवर पहारा ठेवतो. त्याच्या डावीकडच्या आकड्यापासून सुरुवात करून एकाआड एक आकडा दुप्पट करायचा, दुप्पट दोन अंकी झाली तर तिचे अंक मिळवायचे, मग सगळ्यांची बेरीज करायची. तिला दहाने नि:शेष भाग गेला पाहिजे. एक जरी आकडा चुकला तरी हिशेब बसत नाही. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांना या रीतीने नंबर तपासणाऱ्या हातातल्या उपकरणाचं पेटंट १९६० साली मिळालं. म्हणजे साठाहून जास्त वर्षं झाली, नंबर आपली ओळख आपण पटवतो. मला मात्र साक्षीदार लागतात.

‘जन्मतारीख, मॅडम?’

१ जून. ही तारीख खरी नाही, पण अधिकृत आहे. आमच्या गावी पोरांना जूनमध्ये शाळेत घालायला न्यायचे. गुरुजी विचारायचे, केव्हाची? आजी सांगायची, ‘पोळ्याच्या दिवसाची.’ गुरुजी मान डोलवायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. माझ्या वयाच्या लोकांत १ जूनला जन्मलेले इतके आहेत, की चोराने अंदाजाने ठोकून दिली तरी तारीख बरोबर यायची. कंपनी त्या दिवशी मला शुभेच्छांचा मेसेज पाठवते. पोळ्याला फक्त बैलांना ओवाळतात.

‘आणि मदर्स मेडन नेम?’

आईचं माहेरचं आडनाव! हे म्हणे फक्त मला माहीत असलेलं गुपित. ज्या देशात हा प्रश्न निघाला तिथे असेलही. आमच्याकडे लग्नाच्या बायोडेटात ‘आजोळ’ म्हणून हेच आडनाव गाव, तालुका आणि मामाच्या हुद्द्यासकट लिहिलेलं असतं. माझ्या बायोडेटाच्या प्रती नाशिक, नगर आणि जळगाव जिल्ह्यांत हिंडल्या. ज्यांनी नकार कळवला त्यांनी प्रत परत केली नाही. म्हणजे कित्येक अनोळखी घरांतल्या ट्रंकांत माझं हे गुपित पत्रिकेला टाचून ठेवलेलं आहे.

इथवर सगळं बरोबर आलं. मग तो म्हणाला, ‘मॅडम, सिस्टिममध्ये नाव थोडं वेगळं दिसतंय.’

‘कोणतं दिसतंय?’

‘ते मी नाही सांगू शकत. तुम्ही सांगायचं.’

आता आली पंचाईत. लग्नात ह्यांनी तबकातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, तेव्हापासून मी दोन आहे. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक, राजपत्रात छापून आणल्यावर सेवापुस्तकात दुसरी. पॅन कार्डावर नाव सासरचं, पण खाली वडिलांचं नाव. आधारवर ह्यांचं. एका कागदावर लेक, दुसऱ्यावर बायको. क्रेडिट कार्डावर जागा पुरेना म्हणून मधलं नाव एका अक्षरात उरकलेलं. माझ्या सुनेचं तर आणखी वेगळं. तिचा पॅन लग्नाआधीचा, आणि पॅनमधलं पाचवं अक्षर आडनावाचं असतं. लग्नानंतर तिने कार्डावरचं आडनाव बदललं, नंबर काही बदलला नाही. तेवढ्या एका अक्षरात तिचं माहेर शाबूत आहे. मला तर ती चैनही नाही.

मी एकेक करून नावं सांगायला लागले. ‘नाव घ्या, नाव घ्या’ असा आग्रह मला लग्नानंतर थेट आत्ता होत होता. तेव्हा निदान नवऱ्याचं घ्यायचं होतं. चौकटीतलं नाव एकदाचं सापडलं असावं, कारण तो म्हणाला, ‘ओके मॅडम, आता तुमच्या रजिस्टर्ड मोबाईलवर ओटीपी येईल.’

रजिस्टर्ड मोबाईल ह्यांचा. कार्डाचा फॉर्म ह्यांनीच भरला होता. हे घरी, नाशिकला. दुकानदाराचा फोन मागून मी लावला.

‘अहो, ओटीपी आलाय बघा. सांगा लवकर.’

‘आलाय खरा. पण कुणालाही सांगू नका असं लिहिलंय.’

‘मी कुणीही आहे का?’

‘नंबर अनोळखी आहे. आणि हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करतात. ग्रुपवर आलं होतं.’

‘अहो, मी येवल्याहून बोलतेय! पैठणी घेतेय!’

‘बघ, इथेच संशय येतो. ती आणि पैठणी?’

म्हणजे संगणक आणि हे, दोघांचं निदान एकच. २००९ च्या ऑगस्टपासून रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली आणि पुढे त्यातूनच ओटीपी घरोघरी आला. पण त्याची अंमलबजावणी इतक्या निष्ठेने करणारा दुसरा ग्राहक देशात नसेल. ह्यांनी मला विचारलं, ‘आपल्या लग्नात रुखवतावर मधोमध काय ठेवलं होतं?’ मी म्हटलं, ‘तुळशी वृंदावन, खारकांचं, आणि त्याची एक खारीक तुमच्या आत्याने तिथेच खाल्ली.’ ‘बरोबर,’ हे म्हणाले, ‘लिहून घे.’ तोवर ओटीपीची मुदत संपली होती. साडीचे पैसे शेवटी मुलाने पुण्याहून फोनवरून पाठवले. त्याला कुणी काही विचारलं नाही.

कार्ड उघडायला आता व्हिडिओ केवायसी. ही सोय २०२० च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने मान्य केली, आणि सोय आहेच, नाही कशाला म्हणू? एरवी केवायसी जोखीम जास्त असलेल्या ग्राहकाने दर दोन वर्षांनी ताजं करायचं, मध्यमवाल्याने आठ, कमीवाल्याने दहा. मी कोणत्या खान्यात आहे हे विचारलं, तर तेही सांगायचं नसतं. स्क्रीनवरच्या मुलीने चष्मा काढायला लावला. चष्मा काढला की ती कुठे आहे ते मला दिसेना. ‘डावीकडे बघा मॅडम. उजवीकडे. पापण्या मिटा. पॅन कार्ड हनुवटीजवळ धरा. थोडं वर. आता मागचा पंखा बंद करा, पडदा हलतोय.’ पापण्या मिटवण्यामागचा हेतू असा, की समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे हे कळावं. मला याची सवय आहे. पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून ते जीवन प्रमाण अंगठ्यावर होतं, आणि जन्मभर खडूने आणि भांड्यांच्या राखेने झिजलेला माझा अंगठा यंत्राला दरवर्षी दिसत नाही. म्हणजे सरकारच्या लेखी मी जिवंत आहे की नाही याचा वाद असतो, कंपनीच्या लेखी मी मी आहे की नाही याचा. दोघांनी एकदा बसून काय ते ठरवावं.

संध्याकाळी मेसेज आला, ओळख पटली, कार्ड सुरू झालं. हेही माझ्याच मोबाईलवर नाही, ह्यांच्या.

त्यानंतर थोड्या वेळाने माझा फोन वाजला. ‘नमस्कार,’ पलीकडचा गोड आवाजात म्हणाला आणि त्याने माझं नाव घेतलं, पूर्ण, मधल्या नावासकट, एकही अक्षर न चुकता. पत्ता सांगितला. कार्डाचे पहिले काही आकडे सांगितले. माझी जन्मतारीख विचारली नाही, आईचं आडनाव विचारलं नाही, पापणी लवायला सांगितली नाही. इतक्या दिवसांत माझी ओळख पटलेला हा पहिलाच माणूस. कार्ड आज रात्री बंद होणार होतं, त्याला फक्त आत्ता येणारा ओटीपी हवा होता.

मी म्हटलं, ‘भाऊ, ओटीपी ह्यांच्याकडे येतो,’ आणि फोन ह्यांच्या हातात दिला.

‘आधी आपण कोण ते सांगा,’ हे म्हणाले, आणि खुर्ची ओढून निवांत बसले.