सही चालू, भोंगा बंद

जानेवारी आणि जुलै या दोन महिन्यांत महाराष्ट्रातल्या इमारती आगीपासून अगदी सुरक्षित असतात. कागदावर.

'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' म्हणतो की, आगीची यंत्रणा बसवायची ती लायसन्सवाल्या एजन्सीनेच. लायसन्स देणार राज्याच्या अग्निशमन सेवेचे संचालक. काम झालं की एजन्सीने फॉर्म ए द्यायचा. पुढे दर जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा ठणठणीत असल्याचा फॉर्म बी. सोम्यागोम्याने पक्कड घेऊन शिडीवर चढायचं नाही. कायदा चांगला आहे. तक्रार कायद्याबद्दल नाहीच.

तक्रार आहे ती सोसायटीच्या ऑफिसातून होणाऱ्या फोनबद्दल.

"फॉर्म बीचे किती घ्याल?"

"नुसता फॉर्म, की चेकिंगसकट?"

"नुसता."

गाडी न दाखवता पीयूसी मिळावी, तसा हा फॉर्म मिळतो. यंत्रणा चालू नसताना ती चालू असल्याचा दाखला देऊ नये, अशी स्पष्ट मनाई याच कायद्यात आहे. म्हणजे कायदा लिहिणारे आपल्याला नीट ओळखून होते.

आता वॉचमनच्या केबिनमधलं ते लाल पॅनेल पाहा. त्यावर पिवळा 'फॉल्ट'चा दिवा दिवाळीपासून लागलेला असतो. त्याचा अर्थ काय, हे वॉचमनला कुणी सांगितलेलं नसतं. आवाजाचा त्रास नको म्हणून बझर 'सायलेन्स' केलेला असतो. भोंग्याची वायर कुणीतरी उपसून ठेवलेली असते, कारण तो एकदा रात्री दोनला उगाच बोंबलला होता आणि वरच्या मजल्यावरचे काका चिडले होते. मान वर करून छताकडे बघा. रंगकामात धूळ जाऊ नये म्हणून स्मोक डिटेक्टरला घातलेली प्लास्टिकची टोपी अजून तशीच आहे. धुराने आत शिरायचं कुठून? पण फाइलमध्ये फॉर्म बी आहे, शिक्क्यासकट.

हे झालं आगीचं. चोराच्या बाबतीत तर आपण आणखी उदार आहोत. पहारेकरी पुरवणाऱ्या एजन्सीला २००५च्या केंद्रीय कायद्याने लायसन्स लागतं. पहारेकऱ्याची पार्श्वभूमी तपासायची, त्याला प्रशिक्षणही द्यायचं. कॅमेऱ्यांची सरकारी निकषांवर चाचणी २०२५पासून सक्तीची झाली. मात्र तो कॅमेरा बसवणारा, घरात कोण कधी येतं-जातं ते मोबाइलवर बघू शकणारा आणि पासवर्ड 'admin' इतका सोपा ठेवून जाणारा माणूस? त्याला असं वेगळं लायसन्स नाही. कॅमेरा पास झाला पाहिजे, कॅमेरेवाला नापास असला तरी चालेल. पोलीस पडताळणी दाराशी बसणाऱ्याची, आणि दाराची चावी ज्याच्या हाती त्याला चहा.

यावर हसू येतं, पण ते टिकत नाही. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांचा कक्ष पेटला आणि दहा बाळं गेली. राज्यभरातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, अकरा रुग्ण गेले. आदेश, ऑडिट, अहवाल हे सगळं कागदाचं, आणि आगीला कागद आवडतो.

एजन्सीवर खापर फोडून मोकळं होता येणार नाही. यंत्रणा बसवण्याची आणि ती कायम चालू ठेवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावर टाकली आहे. म्हणजे तुमच्या-आमच्यावर. खोटी सही विकणारा दोषी आहेच, पण ती घासाघीस करून विकत घेणारी मॅनेजिंग कमिटी आपणच निवडून दिलेली असते.

तेव्हा पुढच्या फॉर्म बीला एवढंच करा. एजन्सीचं लायसन्स मागा आणि त्यावरची मुदत वाचा. आलेल्या माणसाला जिना चढायला लावा. तुम्ही सांगाल त्या डिटेक्टरची चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा. भोंगा शेवटच्या मजल्यावर ऐकू आला, तरच चेकवर सही करा. वरच्या काकांची झोप मोडली तर मोडू द्या.