बिनसमुद्राचं हवामान खातं

यंदा मी सहा लिहिलेत. बंगालच्या उपसागरात चार, अरबी समुद्रात दोन. आकड्याखाली, कुणी मागितलेली नसताना, कारणमीमांसा. रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या आमच्या मंडळात कारणमीमांसा जोडणारा मी एकटाच. बाकीचे आकडा लिहितात, चिठ्ठीची घडी घालतात आणि पोह्यांकडे वळतात. मला मात्र ‘मॅडन-ज्युलियन’ हे शब्द आल्याशिवाय चिठ्ठीला वजन आल्यासारखं वाटत नाही. या दोन शास्त्रज्ञांनी १९७१ साली विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकणारी ढगांची एक लाट दाखवून दिली. महिना-दोन महिन्यांत ती पृथ्वीला वळसा घालते, आणि आपल्या समुद्रावर आली की वादळांना बळ मिळतं. हे सगळं मला तोंडपाठ आहे. ती यायची कधी, तेवढं तिने अजून मला कळवलेलं नाही.

नियम साधे. पाडव्याला चिठ्ठ्या, अक्तीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, डबा बंद. वर्षभरात चक्रीवादळं किती, पहिलं कुठे धडकणार आणि सगळ्यात जोरदार कोणतं, एवढ्यालाच गुण. वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचला आणि हवामान खात्याने नाव दिलं, तरच वादळ. त्याखाली कितीही गडगडलं तरी आमच्या वहीत ते नाही.

पुण्याच्या भाच्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “मामा, पण तुमच्याकडे समुद्र कुठाय?” याच भाच्याच्या बायकोने लग्नात मला विचारलं होतं, “रायपुरात मराठी बोलतात?” तिला मी भोसल्यांपासून सुरुवात करून माधवराव सप्र्यांपर्यंत आणलं होतं, तेवढ्यात पंगत उठली. भाच्याला एवढंच सांगितलं, की समुद्र सरळ रेषेत चारशे किलोमीटर आहे आणि वादळाला रस्ता माहीत आहे.

आता बायकोचं. टाळेबंदीत हा खेळ सुरू झाला, तेव्हापासून ती दरवर्षी एकच आकडा लिहिते: पाच. का, तर घरात माणसं पाच. २०२० साली पाच वादळं आली. २०२१ साली पाच. मग तीन, सहा, चार, चार. उत्तर हिंदी महासागराची वर्षाची सरासरीच पाचच्या आसपास असल्यामुळे तिचं फार चुकतही नाही. मी पावसाळ्यातल्या वरच्या-खालच्या वाऱ्यांचा फरक बघतो, समुद्राचं तापमान साडेसव्वीस अंशांच्या किती वर आहे ते बघतो, ला निना बघतो, आणि तिच्यामागे राहतो. “अगं, निदान काहीतरी वाचून लिही,” असं एकदा म्हणालो. ती म्हणाली, “वाचून तुमचं काय झालं ते बघतेय ना मी.”

तरी २०२१चा निकाल मला आजही मान्य नाही, आणि त्याबद्दल मी सविस्तर बोलणार आहे. (घरचे इथे उठून जातात. तुम्ही बसा.)

त्या वर्षी मी चार लिहिले होते. २६ सप्टेंबरला ‘गुलाब’ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. नाव पाकिस्तानने दिलेलं. जमिनीवर येताच ते मवाळलं आणि बस्तरच्या अंगाने तेलंगण, विदर्भ, मराठवाडा असं करत पश्चिमेला निघालं. इथवर सगळं ठीक. पण हा गडी अख्खा देश चालून गुजरातकडून अरबी समुद्रात उतरला, पाणी लागताच पुन्हा तरारला, आणि १ ऑक्टोबरला त्याचंच बारसं झालं ‘शाहीन’ म्हणून. हे नाव कतारचं. दोन दिवसांनी ते ओमानवर जाऊन आदळलं. आता सांगा, वादळ एक की दोन? एक धरलं तर वर्षाची चार होतात आणि मी जिंकतो. दोन धरली तर पाच, म्हणजे बायको.

मी नकाशा काढला. उपग्रहाची चित्रं तारखांसकट लावली. पंच होते डाक खात्यातून निवृत्त झालेले काका. मला वाटलं, रिडायरेक्ट झालेलं पाकीट तेच असतं, एवढं तरी ते मान्य करतील. काका चष्मा पुसत म्हणाले, “तिकीट दुसरं लागलं ना भाऊ, मग पत्र दुसरं.” तेवढ्यात वहिनींनी बायकोच्या हातात बक्षिसाची जिलबी ठेवलीसुद्धा.

त्या रात्री तोच नकाशा घेऊन चिडून बसलो होतो, तेव्हा मधलं दिसलं. दोन टोकांना दोन नावं, आणि मध्ये काहीच नाही. २८ सप्टेंबरला मराठवाड्यात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं. तिथे जे कोसळलं ते गुलाब राहिलेलं नव्हतं आणि शाहीन झालेलं नव्हतं. वाहिन्यांवर तर किनारा ओलांडला की वादळ ‘विरलं’, कॅमेरे गुंडाळले. विरतं म्हणजे नेमकं कुठे विरतं, हे विचारायला कुणी येत नाही. विरतं ते आमच्या अंगावर.

गेल्या ऑक्टोबरात ‘मोंथा’ आलं. २८ तारखेच्या रात्री ते काकीनाडाजवळ किनारा ओलांडणार, अशा बातम्या होत्या आणि मी हवेत होतो. दारावर लालभाजी घेऊन येणारी बाई अभनपूरकडच्या गावातली. जुड्या निवडता निवडता मी तिला वादळाचा अख्खा मार्ग ऐकवला, वर म्हणालो, अजून थोडं उत्तरेला सरकलं तर मजा येईल. तिने जुडी टोपलीत परत ठेवली. म्हणाली, “बाबूजी, तूफान ला झन बलावव. करपा खेत म परे हे.” (वादळाला बोलावू नका, करपा शेतात पडलाय.)

करपा म्हणजे कापून वाळायला शेतात पसरून ठेवलेलं धान. दोन दिवस भिजलं की लोंबीतच कोंब फुटतो. सरकारी खरेदी १५ नोव्हेंबरला सुरू होणार होती, आणि १७ टक्क्यांवर ओल निघाली तर सोसायटीतून माल परत येतो. तिने वर पाहिलं. ढग होते, नुसतेच, भुरकट. मी दोनऐवजी चार जुड्या घेतल्या. त्याने तिच्या करप्याला काय होणार होतं?

मंडळात हे बोललो तेव्हा काकांनी वही पुढे ओढून नवा रकाना आखला: ‘विरल्यावर कुठे?’ यंदापासून किनाऱ्याचे गुण निम्मे. विरलेला पाऊस कुठे, किती पडला, ते लालपूरच्या हवामान केंद्राच्या आकड्यांवरून ठरवायचं आणि त्याला पूर्ण गुण. बायको म्हणाली, “त्यात काही लिहायचंच नाही असं चालेल का?” चालतं, असं ठरलंय. कोरं ठेवलं आणि करपा कोरडा राहिला, तरी पूर्ण गुण.

यादीत ‘दितवाह’नंतर नाव आहे बांगलादेशचं ‘अर्णब’ आणि मग आपलं ‘मुरासु’. ज्यांना उतरायचंय त्यांनी अक्तीच्या आत चिठ्ठी द्यावी. पाच सोडून कोणताही आकडा लिहा. तो आमच्या घरात आधीच गेलाय.