पंधरा ते पन्नास

मोटारीला पंधरा वर्षं झाली की ती आरटीओच्या नजरेत संशयित, पन्नास झाली की वारसा. मधली पस्तीस वर्षं दर पाच वर्षांनी फिटनेसची परीक्षा देत काढायची. रस्ते वाहतूकमंत्री गडकरींच्या नागपुरातही यातून सुटका नाही.

2021च्या नियमांनुसार पन्नाशीच्या गाडीला 20,000 रुपयांत ‘व्हीए’ मालिकेचा मानाचा नंबर मिळतो. अट सोज्वळ: चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. आता एखाद्या अँबेसिडरचं बॉनेट उघडा. आत मॅटाडोरचं डिझेल इंजिन धडधडतंय. मालक म्हणतो, “ओरिजिनल आहे भाऊ, हॉर्न सोडून काहीच बदललं नाही.” शेजारी मिस्त्री आभाळाकडे बघतोय.

‘डुक्कर फियाट’ ओळखायला सोपी, पुढचं दार उलटं उघडतं. तिचे पार्ट्स मात्र भंगारातच सापडायचे, आणि नव्या स्क्रॅपेज धोरणात भंगारालाही शास्त्रोक्त मरण आहे.

एवढं करून नंबर मिळाला, तरी गाडी रोज चालवायची नाही. फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती. शेवटच्या दोन कामांखेरीज ती तशीही कधी बाहेर पडत नव्हती म्हणा!