दाजींची उचल

आमच्या बीड जिल्ह्यात ‘उचल’ या शब्दाला एकच अर्थ होता. दसरा जवळ आला की मुकादम येतो, ओसरीवर टेकतो, चहा घेतो आणि नोटांची गड्डी पुढे सरकवतो. ती उचल. एकदा घेतली की नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पाडव्यापर्यंत मुक्काम उसाच्या फडात. पोरीचं लग्न, सासऱ्याचं ऑपरेशन, घरावरचे पत्रे, सगळं उचलीवर. यंदा मला या शब्दाचा दुसरा अर्थ कळला, तोही फोनवर.

वडवणी तालुक्यातली माझी चुलत बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, जेठात एक दिवस दारात उभी राहिली. पदराच्या गाठीत कागदाचा चतकोर तुकडा, त्यावर बसस्टँडच्या भिंतीवरून उतरवून घेतलेले दोन नंबर. ‘दारू सोडवा, न सांगता, घरबसल्या.’ म्हणाली, ‘‘भाऊ, तुझ्या दाजींसाठी एवढा फोन लावून दे.’’

पहिल्या नंबरवाल्याने पुडी सांगितली. चहातून द्यायची, पेशंटला पत्ता लागू द्यायचा नाही. पुडीत काय आहे विचारलं, तर ‘‘जडीबुटी.’’ कुठली? ‘‘ते गुपित असतं साहेब.’’ डॉक्टर देतात त्या एका गोळीचं नाव मात्र गुपित नाही, डिसल्फिराम. तिच्यावर दारू पडली की छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब खाली येतो. म्हणून ती माणसाला सांगून, त्याला विचारून द्यायची असते. भिंतीवरच्या पुडीत काय असतं हे त्या भिंतीलाच ठाऊक.

दुसरा नंबर कुठल्याशा व्यसनमुक्ती केंद्राचा निघाला.

‘‘पेशंट यायला तयार आहे?’’

‘‘नाही.’’

‘‘हरकत नाही. आपण उचलतो. गाडी येते, चार पोरं असतात. रात्रीचं बरं पडतं.’’

‘‘खर्च?’’

‘‘महिन्याला पंधरा हजार, तीन महिन्यांचं पॅकेज. उचलीचे वेगळे.’’

फोन स्पीकरवर होता. आक्काचे डोळे चमकले. हळूच मला म्हणाली, ‘‘उचल किती देत्यात इचार की.’’

तिला समजावून सांगितलं की ही उचल आपण द्यायची असते. मग तिने हिशेब मांडला. आमच्याकडे पैसा टनांत मोजतात. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर वाढून टनाला ३६६ रुपये झाला. पंचेचाळीस हजार म्हणजे १२३ टन. एक कोयता दिवसाला कसाबसा दोन टन तोडतो, म्हणजे दोन महिने. आता एक कोयता म्हणजे दोघं जण, आणि त्यातला अर्धा कोयता तर केंद्रात कुलपाआड. उरलेल्या अर्ध्याला मुकादम फडात उभा करत नाही. दाजींची दारू सुटायची तर दाजींनी आधी दोन महिने ऊस तोडायला हवा, आणि दाजींनी ऊस तोडायचा तर आधी दारू सुटायला हवी.

केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, एवढं मी विचारून घेतलं. उत्तर आलं, ‘‘आपला ट्रस्ट आहे ना!’’ रात्री चार पोरं पाठवून माणूस उचलायला कायद्यात काय म्हणतात, हे विचारायच्या आत फोन कट.

मग मला माझ्या स्वतःच्या आरोग्य विम्याची आठवण झाली. (दाजी त्यात बसत नाहीत, पण पत्रकाराचा काही भरवसा नाही.) २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो की दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था हा मानसिक आजारच आहे, आणि मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा मिळाला पाहिजे. वाचून छाती फुगली. मग पॉलिसीची मागची पानं उलटली. विमा नियामकाने २०१९ मध्ये ‘काय देणार नाही’ याची प्रमाणित यादी करून दिली आहे. तिच्यातला कोड बारा: मद्यपान, अमली पदार्थ किंवा कुठलंही व्यसन, त्यावरचे उपचार आणि त्याचे परिणाम. कायद्याच्या लेखी आजार, विम्याच्या लेखी नखरे.

याउलट पिण्याची सोय पाहा. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. त्यामुळे प्यायला परवाना लागतो. देशीचा एक दिवसाचा दोन रुपये, विदेशीचा पाच, आणि हजार रुपये भरले की आजीवन. विदेशीच्या परवान्यामागचं नियमातलं कारण तर सोन्याच्या अक्षरांत लिहावं असं आहे. अर्जदाराचं आरोग्य राखण्यासाठी! दाजींना इतकी वर्षं आम्ही उगाच बोल लावला. माणूस प्रकृतीची काळजी घेत होता, फक्त देशीवर भागवत होता. हजार रुपयांत जन्मभर प्यायचा कागद मिळतो. सोडायचा कागद हजारात काढून देणारी खिडकी अजून कुठल्याच कचेरीत उघडलेली नाही.

जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचं शुल्क वाढवलं. १८० मिलीची देशी कमीत कमी ८० रुपये झाली. तिजोरीत वर्षाला १४,००० कोटींची भर पडेल असा अंदाज सांगितला गेला. दाजींनी दुसऱ्या दिवसापासून राज्याच्या विकासाला जास्तीचा हातभार लावायला सुरुवात केली. पैसे मात्र आक्काच्या डब्यातले.

आणि ही देशी येते कुठून? मळीपासून. मळी येते साखर कारखान्यातून आणि कारखान्यात ऊस जातो आमच्या कोयत्यांनी तोडलेला. आक्का सांगली-कोल्हापूरकडे मोळ्या वाहते, तोच ऊस बुचाची बाटली होऊन तिच्याआधी गावात पोचलेला असतो. तोडणीला निघालेल्या माणसांनी घरी परत यायला सहा महिने लावावेत आणि उसाने मात्र वेळेवर यावं, यातून काही शिकण्यासारखं आहे.

गावातलं दुकान बंद करण्याचा मार्ग आहे म्हणा. चौथाई बायकांनी अर्ज द्यायचा, मग मतदान, ‘उभी बाटली’ की ‘आडवी बाटली’. आडवी करायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. आलेल्यांच्या निम्मी नव्हेत, यादीतल्या. आता आमच्या गावात दिवाळी ते पाडवा बायका असतात कुठे? फडात. तेव्हा मतदान लागलं तर गावात उरलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी दोन-दोनदा मत दिलं तरी बाटली ताठ उभी.

असो. दाजींनी आम्हा सगळ्यांचे हिशेब मोडून आषाढीला आपण होऊन माळ घातली. आमच्याकडचा हा सगळ्यात जुना आणि बिनखर्ची उपचार, आणि तो लागू पडलेली माणसं मी पाहिली आहेत, हसणार नाही. पण दाजींनी रोजची पाऊण बाटली एका झटक्यात बंद केली. तिसऱ्या दिवशी हात कापायला लागले. संध्याकाळी अंगावर मुंग्या चढल्या म्हणून ते नसलेल्या मुंग्या वेचून वाटीत टाकू लागले. वाटी आक्कापुढे धरून म्हणाले, ‘‘झाकण ठेव, पळत्याल.’’ गावाने निदान केलं, बाहेरचं आहे. कुणी लिंबू आणायला धावलं, कुणी म्हणालं घोटभर पाजा. आक्काने जीप सांगितली आणि अंबाजोगाई गाठली. तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टरांनी विचारलं, ‘‘शेवटची कधी घेतली?’’ एवढ्या माणसांत हा नेमका प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. जीपचं भाडं केसपेपरच्या कित्येक पट झालं.

दाजी आठवड्याभरात माणसात आले. डॉक्टर म्हणाले, खरं काम आता सुरू. सहा महिने दर पंधरा दिवसांनी दाखवायला या. आक्का म्हणाली, ‘‘दिवाळीपस्तोर येईन साहेब. पुढं आम्ही निपाणीच्या पल्याड.’’

पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्याला पैसे दिले. बीडचा माणूस अजून पुण्याचंच नाव घेतो. तिथे वाट पाहावी लागली तरी आम्हाला काय त्याचं? रेल्वेची तीस वर्षं वाट पाहिलेला जिल्हा आहे हा. केंद्र सरकारने एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिच्या २०१९ च्या अहवालात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी एकाला कसले तरी उपचार मिळाल्याचं आढळलं. दाजी हे आमच्याकडचे अडतिसावे.

तर वाचकहो, १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय नंबर आहे, फोन फुकट लागतो. पण रोज पिणाऱ्याने एकदम सोडली आणि हात कापू लागले, झटका आला, नसलेलं दिसू लागलं, तर लिंबूही नको आणि घोटभरही नको. सरळ बीडचं जिल्हा रुग्णालय नाहीतर अंबाजोगाई. जीपचे पैसे आधीपासून बाजूला काढून ठेवा. घरात कुठे ठेवायचे ते तुमचं तुम्ही बघा, पिठाचा डबा आणि देव्हारा या दोन्ही जागा दाजींना माहीत आहेत.