तात्यांची चंची

भिगवणच्या मच्छी मार्केटात चिलापीचा भाव ठरायला दोन मिनिटं लागत नाहीत. बोली लागते, काटा हलतो, माल टेम्पोत. बाहेरच्या टपरीवर तात्या मात्र गेली पंधरा वर्षं आजोबांची नाणी विकताहेत. मासळी नासते म्हणून विकावी लागते. नाण्याला ती घाई नाही.

उजनीच्या पाण्यात जुनं भिगवण गेलं, तेव्हा आजोबांनी घरातनं जातं आणि ही चंची तेवढी उचलली, असं तात्या सांगतात. चंचीत नग तीन. पहिला १८६२चा राणीछाप रुपया. ‘दीडशे वर्षांचा आहे,’ असं म्हणताना ते आवाज खाली आणतात. टांकसाळीनं १८७४पर्यंत तोच सन छापत ठेवला आणि हे रुपये पैशाला पासरी झाले, हे सोनारानं सांगितलं, तर तात्यांनी सोनार बदलला.

दुसरा राजाछाप, सन १९४०, आजोबांना गूळ विकून मिळालेला. हा त्यांचा खरा सल. १९३९चा रुपया दुर्मीळ, चांदीही चोख; पुढच्याच वर्षी सरकारनं चांदी निम्म्यावर आणली. ‘आजोबांनी गूळ एक वर्ष आधी विकला असता तर!’ असं म्हणून ते बशीत फुंकर मारतात.

तिसरी शिवराई. हिची किंमत काकूंनी कमी केली. दिवाळीला तांब्या-पितळेची भांडी काढली, त्यात शिवराईही चिंच लावून लख्ख घासली. पुण्याच्या जुन्या बाजारातल्या माणसानं ती उलटीपालटी करून विचारलं, ‘काका, छत्रपती कुठं गेले?’ शेवटचा ‘ती’ तेवढा शाबूत होता.

मध्यंतरी मोबाइलवर व्हिडिओ फिरला, ट्रॅक्टरवाल्या पाचच्या नोटेला लाखो रुपये. तात्यांनी फोन लावला. पलीकडचा म्हणाला, आधी नोंदणीची फी भरा. तात्या म्हणाले, ‘आमच्या लाखातनं कापून घ्या की.’ फोन कटला. असली फी घ्यायला आपण कुणालाही नेमलेलं नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१मध्ये जाहीर केलं. तात्यांच्या मते, त्यांच्या चंचीचा बभ्रा मुंबईपर्यंत गेल्याचाच हा पुरावा.

परवा फ्लेमिंगो बघायला आलेला एक पाहुणा टपरीवर टेकला. गळ्यात हातभर लेन्स. पण नाण्यातला दर्दी निघाला. राणीछाप त्यानं चिमटीत कडेनं धरला, भिंगाखाली घातला आणि भाव विचारला. तात्यांनी सवयीनं चांदीच्या दुप्पट सांगितला.

‘दिला,’ तो म्हणाला.

तात्यांचा चेहरा उतरला. त्यांनी रुपया त्याच्या चिमटीतनं काढून घेतला, चंचीची दोरी दोनदा गुंडाळली आणि म्हणाले, ‘घरी विचारावं लागेल.’

पाहुणा गेल्यावर माझ्या कानाशी आले. ‘बघितलंस? घासाघीस नाही केली. ह्या रुपयात कायतरी आहे.’

चहाचे पैसे पाहुण्यानंच दिले होते.