आधी पोतं उघडा

आमच्या मालेगावच्या बाजारात (वाशीम जिल्ह्यातल्या, नाशिकच्या नव्हे) सोयाबीन आलं की अडत्या आधी पोत्यात हात घालतो. मूठभर दाणे तळहातावर घेतो, ओल बघतो, काडीकचरा बघतो. मग भाव बोलतो. माल न बघता भाव पाडणाऱ्याचं कोण ऐकून घेईल?

पुस्तकाचा निकाल मात्र पोतं न उघडताच लागतो.

6 डिसेंबर 2022 ला राज्याचे वाङ्मय पुरस्कार जाहीर झाले. माओवादी संबंधांच्या आरोपाखाली तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या आठवणींच्या मराठी अनुवादासाठी अनघा लेले यांना एक लाखाचा पुरस्कार मिळाला. 12 डिसेंबरला शासन निर्णय निघाला. पुरस्कार रद्द, निवड समितीही रद्द. या सहा दिवसांत पुस्तकातलं एक अक्षर तरी बदललं होतं का?

बदलला होता तो फक्त बाहेरचा आवाज.

पुस्तकावर बंदी घातली नाही, हे खरं. पण पुढच्या प्रत्येक परीक्षकाच्या मनात धाक पेरला गेला. बंदी निदान कोर्टात उठवता येते. धाक कुठल्या कोर्टात न्यायचा?

कादंबरीकार चंद्रकांत काकोडकर कोर्टात गेले होते. 1962 च्या 'रंभा' दिवाळी अंकातली त्यांची 'श्यामा' ही कथा उच्च न्यायालयाने अश्लील ठरवली. दंड 25 रुपये. भरून मोकळं होणं सोपं होतं. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. तिथे सुट्या ओळींवर न थांबता आख्खी कथा तपासली गेली आणि 1969 साली ते सुटले.

त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरून 'दो रास्ते' हा हिंदी सिनेमा आला. ज्याच्या लेखणीचा समाजाला धोका होता, त्याचीच गोष्ट बघायला आख्खी कुटुंबं थेटरात बसली.

गेल्या आठवड्यात वाचनालयाच्या कपाटातून एक जुनी कादंबरी काढली. मागच्या पानावर डकवलेली तारखांची चिठ्ठी पाहिली. शेवटचा शिक्का 2011 चा. हिच्यावर कुणी बंदी घातली होती?

कुणीच नाही. आपण ती नेली नाही, एवढंच.

गाव वाचत नसेल तर कुणीही चौकात उभा राहून 'अमुक पुस्तक घातक आहे' म्हणू शकतो. त्याला 'खोटं बोलतोस' म्हणायला ते पुस्तक वाचलेला एक तरी माणूस लागतो. तो आपल्यात आहे का?

म्हणून ज्याची मतं मला पटत नाहीत, त्याचं पुस्तक मी आधी वाचतो. रागच यायचा असेल तर तो ऐकीव नको, स्वतः वाचून आलेला हवा.

उद्या बंदीचं निवेदन सहीसाठी तुमच्यासमोर येईल. आणणाऱ्याला एकच विचारा, 'कितवं पान?'

त्याने पान सांगितलं, तर खुर्ची द्या. दोघं मिळून वाचा, त्या पानाच्या आधीपासून.