निवृत्त सिस्टरांना आदरांजली वाहण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

सोसायटीतल्या निवृत्त सिस्टर वारल्या, की तीन दिवसांच्या आत शोकसभा उरकून घ्यावी. चौथ्या दिवशी त्यांच्या बागेतल्या कुंड्या माना टाकू लागतात, लोकांना खरोखरच वाईट वाटायला लागतं आणि सभेची शिस्त बिघडते.

उदाहरणादाखल पुण्यातल्या एका सोसायटीतल्या, सरकारी रुग्णालयातून 58व्या वर्षी निवृत्त झालेल्या सिस्टर घेऊ. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कोणी घेत नसे. पत्त्यावर नुसतं ‘सिस्टर, तळमजला’ लिहिलं असतं तरी पोस्टमनला चाललं असतं.

वक्त्यांनी सुरुवात पोकळीपासून करावी. ती कधीही भरून न येणारी असावी. मग ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’ आणि ‘सेवामूर्ती’ हे शब्द याच क्रमाने यावेत. ‘हसतमुख’ म्हणताना मात्र बी विंगच्या काकांकडे पाहू नये. रविवारी सकाळी बी.पी. बघायला हात पुढे केल्यावर “लोणचं बंद करा म्हटलं होतं ना? मग आलात कशाला?” हे त्यांनी अनेकदा ऐकलं आहे, आणि पुढच्या रविवारी ते पुन्हा गेलेही आहेत. इंजेक्शन घ्यायला येणाऱ्यांना त्या आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागत. ती नसेल तर अध्यक्षांनाही परत पाठवत. हा मजकूर भाषणातून वगळावा. अध्यक्ष आजही मंचावर असतील.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा उल्लेख एकाच वक्त्याने करावा, नाहीतर प्रत्येक जण दिवा घेऊन येतो. नाइटिंगेलबाईंनी दिव्याहून मोठं काम कागद-पेन्सिलने केलं: क्रिमियाच्या युद्धातले बहुतेक सैनिक जखमांनी नव्हे, रोगराईने मेले, हे त्यांनी आकडे मांडून, आकृत्या काढून दाखवलं. पण हे सभेत सांगू नये, कारण मग सिस्टरांच्या वहीचा विषय निघतो.

वही दोनशे पानी आहे. प्रत्येक कुंडीला नंबर आहे आणि प्रत्येक नंबरला केसपेपर. ‘कुंडी 7, देशी गुलाब. शेंडा वाळतोय. काळं पडलेलं कापलं, हिरवं लागेपर्यंत. कापावर बोर्डो पेस्ट. दोन दिवस ऊन कमी.’ औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच मुद्दे तपासायचे, असं नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. सिस्टरांनी ते शेणखतालाही लावले. चिमूटभर युरियाने काय होतंय म्हणणाऱ्या एका होतकरू बागप्रेमीला त्यांनी विचारलं होतं, “चिमूट कोणाची? तुमची की माझी?” गुलाबाची छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, पाव इंचावर, तिरका. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री स्पिरिटने पुसायची. ती न पुसता पुढे गेलेल्या माळ्याला त्यांनी जे सुनावलं ते वॉर्डबॉयलाच शोभणारं होतं, आणि माळ्याने ते आजही जसंच्या तसं म्हणून दाखवलं असतं. त्याला भाषणाला बोलावू नये.

सलाईनच्या बाटल्यांबद्दल सोसायटीत गैरसमज आहे, तो सभेआधी दूर करावा. हॉस्पिटलच्या बाटल्या त्यांनी कधी घरी आणल्या नाहीत. वापरलेली बाटली आणि नळी लाल पिशवीतच जाते, हे त्या घंटागाडीवाल्यालाही समजावून सांगत. बहिणीकडे साताऱ्याला जायचं म्हणून त्यांनी औषधाच्या दुकानातून कोरे सेट विकत घेतले, बाटल्यांत साधं पाणी भरलं आणि त्या खिडकीच्या गजांना उलट्या टांगल्या. मग वॉचमनला उभं करून हिशेब सांगितला: या सेटमधून एक मिली म्हणजे वीस थेंब, एक लिटर दोन दिवस पुरवायचं, तर मिनिटाला सात. वॉचमनने दोन दिवस घड्याळ लावून थेंब मोजले. दरम्यान गेटमधून कोण आलं, कोण गेलं, याची नोंद कुठेही नाही.

पहाटे प्लास्टिकची पिशवी घेऊन फिरायला निघणाऱ्या आणि देवासाठी म्हणून दुसऱ्याची जास्वंद रिकामी करणाऱ्या मंडळींनी पहिल्या रांगेत बसू नये. त्यांनी हार आणायला हरकत नाही. आणला तर निदान विकतचा असावा.

ब्रह्मकमळाचा प्रसंग प्रत्येक वक्त्याला सांगायचा असेल, म्हणून वाटून घ्यावा. फूल उमलणार असेल त्या रात्री सिस्टर दहाला सगळ्यांना फोन करत. रात्रपाळीची सवय असल्याने इतरांना उठवल्याबद्दल त्यांना यत्किंचितही अपराधी वाटत नसे. लोक गाऊनवर शाल घेऊन येत, हात जोडत, मनातलं मागत. सिस्टर प्रत्येकाचं मागणं पूर्ण होऊ देत आणि मग सांगत, की हे निवडुंगाच्या कुळातलं, मूळ मेक्सिकोकडचं. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. “आणि ज्याला तुम्ही पान म्हणताय ते खोड आहे.” त्यानंतर चहा मिळे. गवती चहा कुंडी 14 मधला.

मौन दोन मिनिटांचं पाळावं. आपल्याकडे ते साधारण चाळिसाव्या सेकंदाला खोकल्याने संपतं. सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणावं. नाडी तीस सेकंद मोजून दुप्पट करता येते, मौनाला ही सवलत नाही.

सभेत ठराव होईलच. ‘सिस्टर स्मृती उद्यान’ असा संगमरवरी फलक बसवावा आणि त्यावर कार्यकारिणीची नावं सिस्टरांच्या नावापेक्षा ठळक असावीत, ही प्रथा आहे. फक्त खड्डा अनंताच्या मुळात खणू नये. कुंड्यांच्या वाटपात अ‍ॅडेनियम सगळ्यांना हवं असतं आणि ओल्या कचऱ्याचं पिंप कोणालाच नको असतं. म्हणून पिंप घेणाऱ्यालाच अ‍ॅडेनियम, असा नियम आधी जाहीर करावा. इच्छुकांची यादी आपोआप आटोपशीर होते.

राहता राहिली वहीतली शेवटची नोंद. सिस्टरांच्या धंद्यात चार्ज दिल्याशिवाय पाळी संपत नाही, आणि त्यांनी तो लिहून ठेवला आहे: ‘कुंडी 3, जास्वंद. पिठ्या ढेकूण. लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल, थोडं साबणाचं पाणी. संध्याकाळी फवारायचं, पानांच्या खालूनसुद्धा. आठवड्याने पुन्हा.’ सभा साडेसहाची आहे. अध्यक्षांनी सहालाच यावं. पंप जिन्याखाली आहे.